जवाहर चौकातलं खारं पाणी

मासे पाळणारी माणसं शांत असतात, असा एक समज आहे. टँकसमोर दहा मिनिटं बसलं की रक्तदाब उतरतो म्हणे. माझा चढतो. गेली अकरा वर्षं मी भोपाळमध्ये समुद्रातले शोभेचे मासे पुरवते आहे, आणि या अकरा वर्षांत मला जेवढा राग आला तेवढा सासरी नांदतानाही आला नव्हता.

भोपाळला तलाव भरपूर, समुद्र मात्र गाडीने एक रात्र लांब. मासे मुंबईहून किंवा चेन्नईहून थर्मोकोलच्या खोक्यांतून येतात. ऑक्सिजन भरलेली पिशवी, पिशवीत ओंजळभर खारं पाणी आणि त्यात एक घाबरलेला जीव. मी पूर्वी एका शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. नवरा कारखान्यातून निवृत्त झाला, आम्ही अयोध्या नगरात घर बांधलं आणि भाडेकरूसाठी काढलेली खालची खोली मी टँकांनी भरून टाकली. नवऱ्याने डोक्याला हात लावला. आमच्या घरात मासे कोणी खात नाही. फ्रीजच्या वरच्या कप्प्यात मात्र कायम कोळंबी असते.

माझी पद्धत एकच. आलेला मासा तीन आठवडे माझ्याकडे राहतो. माझ्या डोळ्यांसमोर नीट खायला लागल्याशिवाय तो घराबाहेर जात नाही. खोकं उतरवलं की दुसऱ्या दिवशी मासे विकून मोकळे होणारे व्यापारी मी पाहिले आहेत. मासा मेला की ते म्हणतात, गिऱ्हाइकाने नीट ठेवला नाही. अशा लोकांना माशांसारखंच पिशवीत भरून पाठवलं पाहिजे.

मी सुरुवात केली तेव्हा भोपाळात माझ्याकडून मासे घेणारा एकच माणूस होता. जवाहर चौकात त्यांचं दुकान. गोल्डफिश, कासवं, रंगीत दगड, प्लास्टिकची झाडं असा सगळा पसारा आणि दर्शनी भागात खाऱ्या पाण्याचा एक मोठा टँक. त्यांचे वडील राजधानी हलली तेव्हा सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून इथे आलेले, माझ्या सासऱ्यांसारखेच. दुकानदार माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, तरी मला वहिनी म्हणत. माझी पहिली खेप आली तेव्हा निम्मे मासे वाटेतच मेले होते. उरलेले घेऊन मी रडकुंडीला येऊन त्यांच्या दुकानात उभी राहिले. त्यांनी प्रत्येक पिशवी उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, जे जिवंत आहेत ते सगळे ठेवून जा. उगाच रडून कायले राहिल्या?"

त्या दिवशी आमचं ठरलं. येईल ती खेप पूर्ण ते घेणार, चांगले मासे आणि कोणी न विचारणारे मासेही. त्याच्या बदल्यात मी घरून एकही मासा विकणार नाही. कागद नाही, सही नाही. टाळेबंदीत बाजार बंद होता, दुकानाला कुलूप होतं, तेव्हाही माझ्याकडे आलेली खेप ते स्कूटरवरून तीन फेऱ्यांत घेऊन गेले आणि स्वतःच्या घराच्या न्हाणीघरात टब लावून त्यांनी ते मासे जगवले. "आपलं ठरलं होतं ना," एवढंच म्हणाले. अशा माणसाशी बेइमानी करायची म्हणजे जीभ झडायला हवी.

पण जग बदललं ते त्यांना आणि मला विचारून थोडंच. हौशी मंडळींचे मोबाईलवर ग्रुप झाले. कोणाकडे कुठला मासा आला, कोणाकडचा मेला, सगळं तिथे. कोणीतरी माझा नंबर टाकला आणि माझ्या मागे भुंगा लागला. मॅडम, रेट काय? मॅडम, दुकानात याच माशाचे जास्त सांगतात, तुम्ही डायरेक्ट द्या ना. मॅडम, फोटो पाठवा, खातानाचा व्हिडिओ पाठवा, शेपटीकडून एक पाठवा. मी प्रत्येकाला एकच उत्तर देई : जवाहर चौकात जा. मग उलट प्रश्न यायचा की मासा तुमचाच आहे, तर मध्ये दुकान कशाला? यातले निम्मे लोक उंटावरचे शहाणे. दोन व्हिडिओ पाहून मला माशांचे रोग शिकवायला येणारे. पण प्रश्न बरोबर होता, आणि तेच जास्त झोंबायचं.

खरं सांगायचं तर थेट विकण्यात माझा फायदा होता. माशाचाही होता, कारण त्याचा एक प्रवास वाचला असता. हौशी माणूस माझ्या डोळ्यांसमोर बसून मासा निवडेल, त्याच्या टँकची माहिती मला देईल, हे सगळं मला दिसत होतं. तिकडे दुकानदारांचे गुडघे गेलेले. चांगली गिऱ्हाइकं त्यांच्याकडे जायची ती फक्त समुद्री माशांसाठी. तो टँक गेला तर मागे उरणार गोल्डफिश आणि प्लास्टिकची झाडं, म्हणजे आज ना उद्या दुकानाला कुलूप. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी अवस्था. मी धरून ठेवलं.

मागच्या वर्षीपासून एक नवी कटकट सुरू झाली. दुकानातून नेलेले मासे मरायला लागले. एखादा आठवड्यात, एखादा चार दिवसांत. ग्रुपवर बोभाटा झाला की अयोध्या नगरवालीचा माल आता पूर्वीसारखा राहिला नाही. माल! तीन-तीन आठवडे मी ज्यांच्यासमोर कोळंबीचा कीस घेऊन उभी राहते, ते माल! मी संतापून एकेकाला फोन केले. तुमचंच पाणी खराब असेल, तुम्हीच पिशवी घाईने सोडली असेल, असं सुनावलं. काहींचं पाणी खरंच खराब होतं, त्यामुळे माझा आवाज आणखी चढला.

नवरा एकदा म्हणाला, "दुकानातल्या टँकचं पाणी कधी मोजलंस?"

मी म्हटलं, "मोजू कशाला? पाणी मीच पाठवते."

ते खरं होतं. त्यांचे गुडघे दुखायला लागल्यापासून मीठ कालवणं, शुद्ध पाण्याचे कॅन उचलणं त्यांना जमेना. म्हणून दर गुरुवारी मी रिक्षाने जाताना माझ्याकडचं तयार खारं पाणी चार डबे भरून नेत असे. टँकमधलं थोडं जुनं पाणी काढायचं आणि हे नवं घालायचं, एवढंच त्यांनी करायचं. डबे द्यायचे, नवे मासे द्यायचे, चहा प्यायचा आणि परत यायचं. पाण्यातलं मीठ मोजायची माझी नळी, काचेवर दोन थेंब टाकून उजेडाकडे धरून आकडा वाचायचा तो रिफ्रॅक्टोमीटर, कायम माझ्या पर्समध्ये असतो. तो मी त्यांच्या दुकानात कधीच बाहेर काढला नाही. त्यांच्या टँकमध्ये माझी नळी बुडवायची म्हणजे त्यांच्या तोंडावर म्हणायचं की तुमचा भरवसा नाही. माझ्या पहिल्या खेपेच्या पिशव्या ज्यांनी उजेडाकडे धरून पाहिल्या आणि सगळ्या ठेवून घेतल्या, त्यांचं पाणी मी मोजायचं?

"तू त्यांना घाबरतेस," नवरा म्हणाला.

"घाबरत नाही. मान ठेवते."

"माशाला काय फरक पडतो?"

मी उठून खाली टँकांकडे गेले. नवऱ्याचं बरोबर असलं की मी नेहमी खाली टँकांकडे जाते.

गेल्या एप्रिलच्या सुरुवातीला माझ्याकडे एक कॉपरबँड आला. पांढऱ्या अंगावर तांबूस उभे पट्टे आणि पुढे लांब चोच. हा मासा म्हणजे उपासाचं दुकान. येतो तो काही खातच नाही, बहुतेकांकडे उपाशीच मरतो. मी पाच आठवडे त्याच्यामागे होते. मुंबईहून शिंपले मागवले, ते अर्धे उघडून दगडांच्या फटीत ठेवले, कारण त्याला फटीतून टोचून खायची सवय असते. विसाव्या दिवशी त्याने पहिल्यांदा टोच मारली. मग शिंपल्यात कोळंबी मिसळली, मग नुसती कोळंबी, आणि शेवटी तो माझ्या बोटांतून खायला लागला. मी आनंदाने ओरडले तेव्हा वरून नवरा धावत आला, त्याला वाटलं मला शॉक बसला.

याच माशासाठी गोविंदपुऱ्यात छोटा कारखाना असलेले एक गृहस्थ एका शनिवारी दुपारी थेट माझ्या दारात आले. पत्ता कुठून मिळवला कोण जाणे. अर्धा तास स्टुलावर बसून त्या माशाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, ये मैं यहीं से लूँगा. दुकान से नहीं."

मी नेहमीचं उत्तर दिलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की दुकानातून नेलेले चार मासे गेल्या वर्षभरात त्यांच्याकडे मेले आहेत, आणि चारही माझेच होते. मी म्हटलं, तुमचं पाणी तपासा. त्यांनी मोबाईल पुढे केला. त्यात रोजच्या नोंदी होत्या, मीठ, तापमान, सगळं. एकही दिवस चुकलेला नाही. माणूस गबाळा असता तर मला बरं वाटलं असतं.

"आप दुकान को बचा रही हैं," ते म्हणाले, "कि मछली को?"

माझं डोकं फिरलं. माझ्याच घरात येऊन मलाच शिकवतो! मी त्यांना सांगितलं की ज्यांनी मला उभं केलं त्यांना मी तुमच्या चार माशांसाठी सोडणार नाही, मासा हवा असेल तर शुक्रवारी जवाहर चौकातून न्या, नाहीतर दुसरीकडे बघा. दार मीच उघडलं. ते फाटकाशी वळून म्हणाले, "ठीक है. शुक्रवार."

गुरुवारी मी कॉपरबँडला दुकानात नेलं. एकच रात्र तर राहायचा होता. दुकानदारांचा चेहरा लहान मुलासारखा खुलला. "असा मासा तं आपल्या टँकमधी पहिल्यांदाच आला, वहिनी," असं म्हणत त्यांनी पिशवी थोडा वेळ पाण्यावर तरंगत ठेवली आणि मग त्याला सोडला. तो पट्टे चमकवत टँकभर फिरला. दोन गिऱ्हाइकं पाहायला थांबली. मला दुकानदारांकडे पाहून फार बरं वाटलं, आणि गोविंदपुऱ्यावाल्याची जिरवल्याचंही.

शुक्रवारी सकाळी माझ्या मोबाईलवर गोविंदपुऱ्यावाल्यांचा फक्त एक फोटो आला. रिफ्रॅक्टोमीटरच्या गोल काचेतून दिसणारा आकडा. पस्तीस असायला हवा, तो चव्वेचाळीस होता.

मी फोन लावला आणि तो उचलल्याबरोबर म्हटलं की तुमचं यंत्र बिघडलंय.

"आपका तो ठीक होगा," ते म्हणाले. "मछली नीचे पड़ी है. आकर देख लीजिए."

मेच्या उन्हात मी रिक्षा केली. वाटेत मला त्या माणसाचा एवढा राग आला होता की मी मनातल्या मनात त्याला सुनवायचं भाषण तयार करत होते. माझा आकडा पस्तीस येईल आणि मग बघून घेते. मी पोहोचले तेव्हा ते निघून गेले होते आणि कॉपरबँड टँकच्या कोपऱ्यात आडवा पडला होता. मेला होता. दुकानदार काउंटरवर होते, एक नवरा-बायको गोल्डफिश निवडत होते.

मी पर्समधून नळी काढली. दुकानदारांनी ती पाहिली. हातातली जाळी त्यांनी खाली ठेवली. मी टँकमधलं पाणी काचेवर घेतलं, दुकानाबाहेर रस्त्यावर जाऊन उजेडाकडे धरलं. चव्वेचाळीस. काच धुतली, पुसली, पुन्हा घेतलं. चव्वेचाळीस.

आत येऊन मी ओरडलेच. "या टँकमध्ये तुम्ही घालता काय?"

ते गोंधळले. "तुमच्याच डब्यातलं पाणी, वहिनी. दुसरं काय टाकीन?"

"ते बदलायला आहे! उन्हाने पाणी कमी झालं की काय घालता?"

"तेच. वर्ष झालं, तुमचंच. आता कूलर लावला तसं रोज बोटभर कमी होऊन राहिलं, तं तुमचं टाकून राहिलो."

मग सगळं लख्ख दिसलं. उन्हाने पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून कमी झालेली पातळी नेहमी मीठ नसलेल्या साध्या शुद्ध पाण्याने भरायची असते. हे मी त्यांना पहिल्या वर्षी शिकवलं होतं आणि ते शुद्ध पाण्याचे कॅन विकत आणून तसंच करत होते. मग मी खाऱ्या पाण्याचे तयार डबे पोचवायला लागले. त्यांना वाटलं, आता कॅन आणायची गरज नाही, वहिनींचं पाणी आहे, मोजलेलंच असणार. रोज मिठात मीठ. जुने मासे हळूहळू सरावले असतील, पण माझ्याकडून येणारा प्रत्येक नवा मासा पस्तीसमधून एकदम त्या काढ्यात पडत होता. जे तग धरत ते गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन मरत. त्या चार मेलेल्या माशांचं पाणी माझ्याच हाताने भरलेल्या डब्यांतलं होतं, आणि मी वर्षभर लोकांना फोन करून झापत होते.

हे सगळं कळूनही मी थांबले नाही, हे सांगायला मला लाज वाटते. त्या नवरा-बायकोसमोर मी दुकानदारांना म्हटलं की एवढंही कळत नाही का, वर्षभर मारले तुम्ही, पाच आठवडे मी हाताने भरवला होता तो. गोल्डफिशवाले काहीच न घेता निघून गेले. दुकानदार मात्र माझ्याकडे नव्हे, टँककडे पाहत राहिले. भीड ही भिकेची बहीण, अशी म्हण आहे. मी वर्षभर भीड बाळगली आणि नको तेव्हा, चारचौघांत, सोडली.

पुढच्या गुरुवारी डबे न घेता गेले. टँक रिकामा होता. त्यांनी तो धुऊन, पुसून, भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. उरलेले मासे त्यांनी गोविंदपुऱ्यावाल्यांना फोन करून देऊन टाकले होते, फुकट. त्यांनी स्वतःच सांगितलं; मला हे दुसऱ्याकडून कळलं असतं तर मी आणखी चिडले असते.

मी वाटेत ठरवलेलं सगळं एका दमात सांगितलं. टँक पुन्हा लावू. दर आठवड्याला मी स्वतः येईन, पाणी मोजीन, साधं पाणीही मीच आणीन, तुम्ही काही करू नका. घरून मी विकणार नाही, आपलं ठरलंय. आणि त्या दिवशी जे बोलले ते मला माफ करा.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "माफी नका मागू. मासे माझ्या हातानं मेले."

"मग टँक लावू या ना."

"नको, वहिनी. आता तुम्ही मोजायला याल, अन् मी इथं बसून तुमच्या तोंडाकडे पाहीन की आकडा किती आला. या वयात परीक्षा नाही देता येत." मग काउंटरवरचा माझ्या नंबरचा कागद दाखवला. स्वतःच्या हाताने लिहिलेला. समुद्री माशांसाठी घरी जावे, खाली माझा पत्ता. "दोघांना पाठवलं सकाळपासून. घरूनच विका. मी म्हणून राहिलो ना."

मला ते नको होतं. मला त्यांना दिलेला शब्द मोडून मोकळं व्हायचं असतं तर मी कधीच झाले असते. मी भांडायला लागले. मी म्हटलं, तुम्ही मला एकदा तरी विचारायचं होतं ना, पाणी कमी झालं तर काय घालू म्हणून!

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं.

"पर्समधी ती नळी तुमच्याजवळ रोजच होती ना, वहिनी? सगळ्यायचं पाणी मोजता, माझं काहून नाही मोजलं? मोजलं असतं तं मला राग आला असता. चार दिवस बोललो नसतो तुमच्याशी." त्यांनी भिंतीकडच्या टँकवर हात ठेवला. "पाचव्या दिवशी तं बोललोच असतो."